आजोबांनी चाकरी सोडली

१२ जानेवारी, रविवार

आज केंद्रातल्या गुरुजींनी मला भाषणाला बोलावलं. ध्यान संपल्यावर त्यांनी बाजूला घेतलं तेव्हा मला वाटलं, पुन्हा चपला सरळ लावायचं सांगतायत. पण ते म्हणाले, "वाचनालयाचं सभागृह पंधरा फेब्रुवारीला मिळालंय. चाळीस मिनिटं बोला. विषय, माझ्या आयुष्यातला धम्म. आमच्यात जन्मानं बौद्ध अशा तुम्ही एकट्याच."

गुरुजी इथलेच. पूर्वी दातांचे डॉक्टर होते. आता डोकं तासून, रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ध्यान शिकवतात. त्यांना गुरुजी फक्त मी म्हणते. बाकीचे सगळे सरळ एकेरीत हाक मारतात, माझी जीभ तशी वळत नाही.

"तुम्ही लेखिका आहात असंही कळलं," ते म्हणाले.

"दोन कथासंग्रह आहेत," मी म्हणाले. "पहिल्याला पुरस्कार मिळालाय." दुसऱ्याचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगत बसले नाही.

या देशात येऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत मला लेखिका म्हणणारा हा पहिला माणूस. घरी येताना दोन थांबे आधीच उतरले आणि चालत आले. बसमध्ये बसवेना.

घरी सांगितलं. आमचे हे सिटी बस चालवतात, रविवारी बूट पॉलिश करत बसतात. हातातला ब्रश खाली न ठेवता म्हणाले, "वा. मग आजोबांचं सांगशील ना?"

दुसरं काय सांगणार? सांगण्यासारखं आमच्याकडे तेच तर आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

कामावर कुणाला सांगितलं नाही.

रुग्णालयाच्या तळघरात आमची लाँड्री. ओल्या चादरी एका बाजूने इस्त्रीच्या मोठ्या रोलरमध्ये जातात, दुसऱ्या बाजूने कडकडीत होऊन बाहेर पडतात. तिथे आम्ही दोघी उभ्या. कोपरे पकडायचे, दोन पावलं मागे, एक झटका, मग दोन पावलं पुढे आणि कोपऱ्याला कोपरा. दिवसाला सहाशे चादरी सहज होतात. माझी जोडीदारीण म्हणजे उंचबाई. हेही नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. ती तिसऱ्याच देशातली. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, आणि इथली भाषा दोघींची सारखीच मोडकी. सात वर्षं आम्ही एकाच चादरीची दोन टोकं धरून उभ्या आहोत.

सुट्टीत वही काढली तर तिने विचारलं, "काय लिहितेस?"

"बाजाराची यादी."

"रोज एवढा बाजार?" ती म्हणाली आणि आपला डबा उघडला.

मी मिरवत नाही, एवढंच त्यामागचं कारण आहे. धम्माच्या वाटेवर चालणाऱ्याने आपलं मोठेपण चारचौघांत काढू नये. केंद्रात मात्र लाँड्रीचं सांगितलेलं नाही. "रुग्णालयात असते," एवढंच सांगते, पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यावं. चौथं शील खोटं बोलू नये म्हणतं, सगळं बोलावंच असं काही म्हणत नाही. आणि हे मी माझ्यासाठी नाही करत. लेक सोळा वर्षांची आहे, तिच्या शाळेतल्या दोन मुलींच्या आया केंद्रात येतात. उगाच पोरीला मान खाली घालावी लागू नये.

१९ जानेवारी, रविवार

भाषण मराठीत लिहायचं, मग लेक आणि मी मिळून इथल्या भाषेत करायचं, असं ठरलं. आज आठ पानं झाली. सुरुवात चांगली साधली आहे, ती इथे उतरून ठेवते, म्हणजे हरवायला नको:

"आमच्या देशात 'आम्ही बौद्ध' असं म्हटलं की समोरचा माणूस पळभर थांबतो. त्या पळभरात तो काय ताडून बघतो, आमची पूर्वीची पायरी कोणती, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं. तुमच्या देशात 'मी बौद्ध' म्हटलं की माणसं हसतात आणि म्हणतात, अरे वा, मग तुम्ही किती शांत असाल. मी शांत नाही. माझ्या घरात कुणीच शांत नव्हतं. शांत राहायचं नाही असं ठरवूनच आम्ही या वाटेला आलो."

मग आजोबा. गावची पडेल ती कामं आमच्या लोकांनी करायची, बदल्यात उरलंसुरलं खायचं, हे जन्मानेच ठरलेलं. आजोबा दीक्षा घेऊन गावी परतले. घरातले देव टोपलीत घालून त्यांनी नदीत सोडले. मग गावाच्या चौकात उभं राहून सांगितलं, आजपासून मी कुणाची चाकरी करणार नाही. मरेपर्यंत केली नाही. पहिल्या पुस्तकात ही गोष्ट मी जशीच्या तशी लिहिली. पुरस्काराच्या मानपत्रात चौकातलं ते वाक्य आहे, आणि मानपत्र आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर आहे.

दुपारी अहंकारावर दोन पानं लिहिली. मीपणा सोडल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही, वगैरे. फार सुंदर झाली आहेत. याआधी या विषयावर मराठीत असं कुणी लिहिलं असेल असं वाटत नाही.

ह्यांना वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर डोळा लागला. पहाटे चारला उठतात, त्यांना दोष देत नाही. काही माणसांचा पिंडच विचाराचा नसतो.

२ फेब्रुवारी, रविवार

गुरुजींनी मसुदा वाचला. फार छान आहे म्हणाले, आणि निम्मा कापून परत दिला.

आजोबांची चार पानं लाल रेघ मारून बाद. "ही सामाजिक गोष्ट झाली," ते म्हणाले. "महत्त्वाचीच आहे. पण आपल्याकडे लोक दिवसभराचा ताण घेऊन येतात. त्यांना थोडी शांतता हवी असते."

"माझ्या आजोबांनाही हवी होती," मी म्हणाले.

"आणखी एक सांगू? रागावू नका. तुमच्या मसुद्यात 'मी' हा शब्द एकसष्ट वेळा आलाय. मी मोजले."

रागावले नाही. जिना उतरले आणि रंगाच्या दुकानासमोर उभी राहून दहा श्वास मोजले. मग आणखी दहा. एकसष्ट! अहंकारावरचीच दोन पानं असतील ती, तिथे 'मी' लिहिल्याशिवाय कसं चालेल?

या माणसाने दात उपटले ते स्वतःच्या दवाखान्यात, स्वतःच्या नावाच्या पाटीखाली. नाव, पाटी, घर, शिक्षण, सगळं बापजाद्यांपासून. मग एक दिवस हे सगळं ओझं वाटलं, टाकून दिलं, त्याला समाधान म्हणतात. असेल. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण मग आम्ही काय टाकायचं?

४ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात होते. हे ओट्यापाशी उभे राहून लसूण सोलत होते. मी गुरुजींचं सगळं परत एकदा सांगत होते. हे म्हणाले, "त्यांना त्यांचा 'मी' जड झाला, म्हणून खाली ठेवायचाय. आपल्या म्हाताऱ्यांकडे होता कुठे ठेवायला? आधी मिळवायचा होता." आणि विचारलं, लसूण एवढा पुरे का.

तेवढ्यात मला एकदम सुचलं. भाजी तशीच ठेवून वहीत लिहिलं: "तुम्हाला तुमचा 'मी' जड झाला आहे, म्हणून तुम्ही तो खाली ठेवायला इथे येता. आमच्याकडे तो नव्हताच. आम्ही तो घ्यायला धम्माकडे आलो. दार एकच आहे. तुम्ही त्यातून बाहेर पडता आहात आणि आम्ही आत येतो आहोत."

भाषणाचा कणा मिळाला. असं वाक्य कधी अचानक येतं, कुठून येतं ते लेखकालाही कळत नाही. आजोबांची चारही पानं परत घातली. गुरुजींना फोन करून सांगितलं, मी हेच बोलणार. ते म्हणाले, "सभागृह तुमच्या नावाने घेतलंय. बोला."

माणूस वाईट नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवलं पाहिजे.

दर रविवारी अण्णांना फोन करते. वडील एक्याऐंशीचे आहेत, तिकडे भाऊ-वहिनींकडे असतात. कान थोडे गेलेत, बाकी खणखणीत. म्हटलं, भाषणानंतर लोक प्रश्न विचारतील, बारीकसारीक माहिती असलेली बरी.

"अण्णा, आजोबांनी चाकरी सोडल्यावर घर कशावर चालवलं?"

"कुणी?"

"आजोबांनी."

अण्णा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, वहिनीने पाणी दिलं ते मला ऐकू आलं.

"अगं, घर आई चालवायची. तालुक्याच्या दवाखान्यात झाडलोट करायला जायची. पहाटे निघायची, चालत. आम्ही उठायच्या आत गेलेली असायची."

"आणि आजोबा?"

"ते ओट्यावर बसून आल्यागेल्याला धम्म सांगायचे. फार सुंदर सांगायचे, खोटं कशाला बोलू. लांबलांबून माणसं यायची. त्यांना चहा पण आईच्याच कमाईचा."

"पण ते चौकात उभं राहून बोलले होते ना, चाकरी करणार नाही म्हणून?"

"बोलले होते की. आणि शब्द पाळला. तू लिहिलंस ते अगदी खरं आहे, बाळ. त्यांनी नाहीच केली चाकरी. आईनं केली."

मी विचारलं, निदान देव तरी नदीत त्यांनीच सोडले ना? तर तेही नाही. आजोबा म्हणत होते, उद्या सोडू. उद्या उद्या करत आठ दिवस गेले. घरातल्या देवांची त्यांना जुनी भीती होती, ते अण्णांनाही माहीत होतं. नवव्या दिवशी आजी दवाखान्यातून आली, म्हणाली, एका घरात दोन धर्म नकोत, आणि टोपली उचलून एकटी नदीवर गेली. परत येऊन त्याच टोपलीत कांदे भरून ठेवले.

"अण्णा, हे तुम्ही मला इतक्या वर्षांत सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे? तू मला छापलेलं पुस्तक वाचून दाखवलंस. छान लिहिलं होतंस. मी म्हटलं, पोरीला आजोबा आवडतात."

मग ते बराच वेळ आपणहून बोलत राहिले. दवाखान्यात आजीला सगळे "ए झाडूवाली" म्हणायचे. दीक्षा घेतल्यावर तिने तिथल्या कंपाउंडरला सांगितलं, मला आता नाव घेऊन बोलवा. त्याने ऐकलं नाही. तेव्हापासून "ए झाडूवाली" म्हटलं की ती वळायचीच नाही. झाडत राहायची. तो ओरडायचा, ती झाडायची. अकरा दिवस असं चाललं. बाराव्या दिवशी त्याला बाहेरची खोली तातडीने धुऊन हवी होती, डॉक्टर दारात उभे होते. त्याने नाव घेतलं. तेव्हा आजी वळली.

"झाडू हातातच होता हां तिच्या," अण्णा म्हणाले. "तो नाही सोडला."

फोन ठेवला आणि बसून राहिले. पुस्तकाला तेरा वर्षं झाली. दोन आवृत्त्या. मानपत्र टीव्हीवर.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एक संपलं नाही तोवर दुसरं.

वाचनालयाने माझी जाहिरात रुग्णालयाच्या सूचनाफलकावर लावली. फोटो, खाली जाड अक्षरात: लेखिका, रुग्णालय व्यवस्थापनात कार्यरत. हे केंद्राच्या सेक्रेटरीणबाईंचं काम. मी "रुग्णालयात असते" म्हटलं होतं, त्यांनी त्याचं एवढं केलं.

सुट्टीनंतर उंचबाई आली, रोलरपाशी उभी राहिली आणि पहिली चादर यायची वाट बघत म्हणाली, "आपल्याला बढती मिळाली, मला कुणी सांगितलंच नाही."

"ते चुकून छापलंय."

"असेल." चादर आली. तिने कोपरे पकडले. "आणि बाजाराची यादी? तीही चुकून?"

त्यानंतर ती काही बोलली नाही. एरवी आम्ही गुणगुणतो, ती तिचं, मी माझं. आज तिने नुसत्या घड्या घातल्या, इतक्या भराभर की माझे हात भाजले. तिचं डोकं दुखत असावं. थंडीही खूप आहे.

जाताना म्हणाली, "शनिवारी आम्ही येणार आहोत. तीन जणी. चालेल ना व्यवस्थापनाला?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेकीबरोबर उच्चार घोटले. ती माझ्या समोर बसते आणि चुकलं की पेन्सिल टेबलावर वाजवते. आज आजोबांच्या पानावर माझा आवाजच निघेना. तिने पेन्सिल खाली ठेवली. मी तिला अण्णांचं सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं, "मग आजीचं सांग की. अडचण काय आहे?"

"अडचण ही की मी पुस्तक लिहिलंय."

"मग?"

या वयात सगळं सोपं असतं. तिला म्हटलं, आणि तिथे लाँड्रीतल्या बायका येणार, केंद्रातल्या बायका येणार, तुझ्या मैत्रिणींच्या आया येणार. तुला अवघड होईल.

"मला? माझ्या मैत्रिणींना माहितीये तू लाँड्रीत असतेस. पहिल्यापासून माहितीये. त्यात काय?"

मुलं आईला बरं वाटावं म्हणून असं बोलतात. मनातून त्यांना लागतंच. मी तिच्या वयाची असताना मला लागायचं.

चार पानांची तीन रूपं करून बघितली. एकात आजोबांचं नाव न घेता "आमच्या घरातल्यांनी". एकात आजी आणि आजोबा मिळून टोपली उचलतात. ते लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. आयुष्यभर जिने काम केलं, तिने केलेली गोष्टसुद्धा मी तिच्या हातातून अर्धी काढून घेत होते. तिसरं रूप खरं. ते सगळ्यात लहान आहे, दीड पान. त्यात विशेषण एकही नाही, मला सुचलंच नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या. दोन्ही कागद पर्समध्ये ठेवलेत, जुनी चार पानंही आणि नवं दीड पानही. हे म्हणाले, "मी पुढे बसू की मागे?" म्हटलं, कुठेही बसा, फक्त झोपू नका.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल दुपारी तीन वाजता. सभागृहात त्रेचाळीस खुर्च्या भरल्या होत्या. लेकीने मोजल्या. दुसऱ्या रांगेत उंचबाई आणि आमच्या लाँड्रीतल्या आणखी दोघी जणी. उंचबाई थेट शिफ्टवरून आलेली, अंगात लाँड्रीचा निळा कोट. बाकीच्या दोघी घरी जाऊन कपडे बदलून आल्या होत्या. हे सगळ्यात मागे, दाराजवळ, पॉलिश केलेल्या बुटांत.

गुरुजींनी ओळख करून दिली. कागदावरून वाचलं, लेखिका, पुरस्कार, आणि मग तेच, रुग्णालय व्यवस्थापन. वाचताना ते माझ्याकडे बघून हसले, कौतुकाने. मी उठले. समोर निळा कोट होता. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं, खरंच नव्हतं.

मी म्हणाले, "पहिल्यांदा एक दुरुस्ती करायची आहे. मी रुग्णालयाच्या लाँड्रीत काम करते. चादरींच्या घड्या घालते. ही माझी जोडीदारीण." आणि उंचबाईकडे हात केला. सगळ्यांनी वळून बघितलं. ती उभी राहिली, तिची उंची बघून पुढच्या रांगेतल्या बाई किंचित मागे सरकल्या. तिने मान लववली आणि बसली.

मग पुढचं सोपं झालं. का ते माहीत नाही. मी त्यांना सांगितलं की माझ्याजवळ एका गोष्टीची दोन रूपं आहेत. आधी मी पुस्तकातलं वाचून दाखवलं, नदी, चौक, सगळं. लोक भारावून ऐकत होते, ते वाक्य अजूनही काम करतं. मग म्हटलं, "हे मी तेरा वर्षांपूर्वी छापलं. गेल्या रविवारी वडिलांनी मला खरं सांगितलं." आणि ते दीड पान वाचलं. ओट्यावर बसलेले आजोबा. पहाटे निघालेली आजी. नववा दिवस, कांदे. कंपाउंडरचे अकरा दिवस. बाराव्या दिवशी ती वळली, इथे माझा उच्चार चुकला, लेकीने पेन्सिल वाजवली नाही.

त्यानंतर मी ते 'मी' जड झाल्याचं वाक्य म्हटलं. सभागृहात कुणीतरी "हं" असं मोठ्याने म्हणालं. ह्यांना ते वाक्य इतकं आवडलं की खाली बुटांकडे बघून हसत होते. चला, एवढं तरी पोचलं.

प्रश्नांच्या वेळी काठी घेतलेले एक गृहस्थ उठले. "म्हणजे तुमच्या आजोबांनी काहीच केलं नाही?"

हा प्रश्न मला लागला. आजोबा माझे आहेत. मी म्हणाले, "तो शब्द घरात आणला त्यांनीच. ते लांब चालत गेले, ऐकून आले आणि आजीला सांगितलं की तू कुणापेक्षा कमी नाहीस. हे तिला त्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांना पुढे काय करायचं ते कळलं नाही. तिला कळलं."

केंद्रातल्या एक बाई, शाळेतल्या आयांपैकी, चहाच्या वेळी जवळ आल्या. म्हणाल्या, "माझी आई हॉटेलात खोल्या साफ करायची. मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं." एवढंच बोलल्या आणि बिस्किटांकडे गेल्या.

गुरुजी शेवटी आले. म्हणाले, "तुमचे 'मी' मोजायचे आज माझ्या लक्षातच राहिलं नाही." मग म्हणाले, "मी पंचवीस वर्षं दवाखाना चालवला. तिथे झाडायला कोण यायचं, मला आठवत नाही. मगापासून आठवतोय."

मी म्हटलं, "आठवेल."

घरी परतताना हे बस चालवत नव्हते एवढंच, बाकी सगळी बस आमचीच असल्यासारखी वाटत होती. लेक माझ्या खांद्याला टेकून बसली. ह्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "ही माझी बायको. आज भाषण होतं तिचं." त्या बिचाऱ्याने विचारलंही नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सहाच्या शिफ्टला गेले. उंचबाई आधीच उभी. ती म्हणाली, "व्यवस्थापन, ती ट्रॉली इकडे आण." मी आणली. दिवसभर सगळ्या मला व्यवस्थापन म्हणत होत्या. हे नाव बहुतेक आता राहणार.

सुट्टीत ती माझ्या बाजूच्या बाकावर बसली. विचारलं, "तुझ्या पुस्तकात लाँड्री आहे?"

"नाही."

"दोन पुस्तकं आणि लाँड्री नाही," ती स्वतःशीच म्हणाली. मग मी तिला विचारलं, इथे यायच्या आधी तू काय करायचीस. सात वर्षांत पहिल्यांदा विचारलं, हे लिहिताना हात थोडा थांबला.

"शाळेत शिकवायचे. भूमिती," ती म्हणाली. "तुझा कोपरा रोज अर्धं बोट बाहेर असतो. मी आत घेते. तुला कधी दिसलं नाही?"

मला कधी दिसलं नव्हतं. पुढच्या चादरीला बघितलं, खरंच बाहेर होता.

रात्री प्रकाशकांना पत्र लिहिलं. पुढच्या आवृत्तीत ती कथा बदलायची आहे. ते नाखूश होतील, लोकांना आजोबा आवडतात. पण मला आता त्यांची भीती वाटत नाही. एका महिन्यात माझा अहंकार पुष्कळ कमी झाला आहे, माझं मलाच आश्चर्य वाटतं. इतक्या कमी वेळात इतकी प्रगती फारशी कुणाची होत नसेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

अण्णांना फोन केला. भावाने सांगितलं, ते सकाळपासून फोनजवळच बसलेत, आंघोळही लवकर केली.

"वाच," ते म्हणाले.

मी म्हटलं, अण्णा, इथल्या भाषेत बोलले होते, तुम्हाला मराठीतलं वाचते. ते म्हणाले, "मराठीतलंच. आईला दुसरी कुठली येत होती?"

खुर्ची खिडकीपाशी घेतली आणि वाचलं. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून मोठ्याने. शेजारच्यांना मी भांडतेय असं वाटलं असेल. हे आतल्या खोलीतून येऊन दारात उभे राहिले. लेकीने टीव्ही बंद केला. दीड पान वाचायला किती वेळ लागतो? मला फार वेळ लागला. मध्ये दोनदा मी थांबले तेव्हा अण्णा "हं, पुढे" म्हणाले.

संपलं. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

"अण्णा?"

"आहे."

"कसं वाटलं?"

"आईला आवडलं नसतं," ते म्हणाले. "माझं काय एवढं सांगायचं लोकांना, म्हणाली असती. रागावली असती तुझ्यावर."

मी कागद मांडीवर ठेवला.

"पण उठून गेली नसती," अण्णा म्हणाले. "शेवटपर्यंत बसली असती ऐकत. मला माहितीये ना ती."

त्यांनी नाक शिंकरलं. वहिनीने मागून काहीतरी विचारलं, त्यांनी तिला थांब म्हटलं.

"परत वाच," ते म्हणाले. "पहिल्यापासून. आणि सावकाश वाच, घाई कसली आहे."

मी पहिल्यापासून वाचायला लागले.